निफाडच्या थंडीत अस्वल कुठून आलं?

नमस्कार ताई,

मी निफाड तालुक्यातल्या एका गावात बालवाडीचा मोठा गट घेते. वर्गात बत्तीस मुलं, चार ते साडेपाच वर्षांची. बहुतेक द्राक्षवाल्या शेतकऱ्यांची, आणि दिवाळीनंतर बागांच्या कामाला सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या कुटुंबांतली पाच-सहा. संस्थेने यंदा शहरातल्या एका प्रकाशनाची वर्कबुकं घेतली आहेत. त्यात जानेवारीत 'हिवाळ्यातले प्राणी' असा आठवडा आहे. चित्रं चार: बर्फाच्या गुहेत झोपलेलं अस्वल, जमिनीत बिया पुरणारी खार, दक्षिणेला उडून जाणारे पक्षी आणि पांढराशुभ्र झालेला ससा.

पहिल्या दिवशी अस्वल सांगितलं. थंडी आली की ते झोपतं, थंडी संपली की उठतं. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या ट्यूबलाइटवरची पाल पण गेलीय. ती कुठं झोपली?" मला सांगता आलं नाही. तेवढ्यात एक मुलगी, जिची आजी दिवाळीनंतर वारली, ती म्हणाली, "मग आमची आजी पण होळीला उठंल." तिला घरी 'आजी झोपली' असंच सांगितलेलं आहे. वर्ग एकदम गप्प झाला. मी घाईघाईने गाणं सुरू केलं.

तिला काय सांगू? आणि हा आठवडा मुळात शिकवू कसा? मुख्याध्यापिकांना शनिवारी पालकांना दाखवायला कापसाच्या बर्फाचा तक्ता हवा आहे, हेही आहेच. नाव छापू नये ही विनंती.

निफाड तालुक्यातली एक शिक्षिका

*

बाई,

नाव नको म्हणालात, तर तुमची मुलं म्हणतात तेच म्हणते. गाणं सुरू केलंत ते मनाला लावून घेऊ नका. तीस वर्षं वर्ग घेऊनही मी तेच केलं असतं. बालवाडीत गाणं हे बऱ्याचदा बाईंना विचार करायला मिळालेली दोन मिनिटं असतात.

आधी त्या मुलीचं बघू, बाकीचं सोमवारपर्यंत थांबेल.

शाळा सुटल्यावर तिच्या आईला गाठा. वर्गात काय झालं ते जसंच्या तसं सांगा आणि घरी नेमके कोणते शब्द वापरलेत ते विचारा. 'आजी झोपली' हे मायेपोटीच म्हटलेलं असतं, त्यासाठी कुणाला बोल लावू नका. पण चार वर्षांचं मूल शब्द धरून चालतं. झोपलेलं माणूस उठतं हे त्याला रोज सकाळी दिसतं. मग आजी का उठत नाही? आणि उद्या आई झोपली आणि उठलीच नाही तर? अशी मुलं रात्री झोपायला घाबरतात, उगाच पाणी मागत राहतात, आणि घरचे म्हणतात दृष्ट लागली. आईची तयारी असेल तर तिनेच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. वाक्यं छोटी ठेवा. आजी झोपलेली नाही, आजी वारली. तिचं शरीर बंद पडलं. आता तिला श्वास नाही, भूक नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही. आपल्याला तिची आठवण येते, रडू येतं, आणि ते चालतं. पोरगी उद्या पुन्हा विचारेल, परवा जेवता जेवता विचारेल. प्रत्येक वेळी तेच उत्तर, शक्यतो त्याच शब्दांत.

अस्वलाची दुरुस्ती मात्र वर्गात करा, सगळ्यांसाठी, तिच्याकडे न बघता. बत्तीस जणांना सतरंजीवर आडवं पाडा आणि पोटावर हात ठेवायला लावा. पोट वर जातंय, खाली येतंय? आता सावकाश श्वास घ्या, अजून सावकाश. झोपलेलं अस्वल असं असतं. त्याचा श्वास चालू असतो, छाती धडधडत असते, अगदी मंद, पण चालू. म्हणून ते उठतं. एवढंच सांगा आणि पुढे चला. फरक त्या मुलीच्या तळहाताला कळलेला असेल.

तुमच्या मनात स्पष्ट राहावं म्हणून एक सांगते. जुन्या बायका रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायच्या आणि सकाळी फुंकर घालून पेटवायच्या. अस्वलाची झोप तशी, निखारा शाबूत. विझून गार पडलेल्या चुलीची गोष्ट निराळी. पण ही उपमा आपल्या दोघींपुरती. त्या मुलीला सांगाल तर ती संध्याकाळी काडेपेटी शोधेल.

आता तुमचा आठवडा. चूल निघालीच आहे तर तीच धरून जाऊ, सगळं तिच्याभोवती बसतं.

त्या वर्कबुकाची गंमत अशी की अस्वल आपल्याकडेही आहे. मेळघाटात आहे, ताडोब्यात आहे. आणि ते हिवाळ्यात झोपत नाही! पुस्तकातलं अस्वल मुख्यतः उपासमार टाळायला झोपतं. बर्फाखाली फळं गेली, किडे गेले, गवत गेलं. अंगातली चूल चालू ठेवायला सरपण लागतं, आणि सरपणच मिळेना, तेव्हा ते आधी खाऊन खाऊन लठ्ठ होतं आणि मग आच बारीक करून पडून राहतं. आपलं अस्वल लांब नख्यांनी वारूळ फोडतं आणि तोंड लावून वाळवी ओढतं, फुर्रर्र असा आवाज करत. वाळवी जानेवारीतही असते. ज्याच्या ताटात बारा महिने वाढलेलं आहे, ते कशाला झोपेल? तेव्हा 'थंडी आली की अस्वल झोपतं' हे वाक्य खोडा. 'खायला मिळेनासं झालं की काही अस्वलं झोपतात' असं सांगा. मुलांना ते लगेच पटतं, भूक त्यांना कळते. वर्कबुकातल्या खारीलाही हाच न्याय. आपली पाठीवर पट्टे असलेली खार जानेवारीत भिंतीवर ऊन खात चिरचिरत असते, आणि वाळत घातलेल्या गोधडीतला कापूस घरट्यासाठी पळवते. सशाचं काय करायचं? काही नाही. आपला ससा मातकटच राहतो, कारण माती मातकटच राहते. पान उलटा.

सुरुवात प्राण्यांपासून करूच नका. सकाळच्या उन्हात मुलांना मैदानात बसवा आणि विचारा, थंडी वाजली की तुम्ही काय करता? स्वेटर घालतो. गोधडीत मुटकुळं करून पडतो. शेकोटीला बसतो. उन्हात बसतो. आजोबा तंबाखू खातात, असंही एक उत्तर येईल, ते सोडून द्या. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गूळ, हे आलंच पाहिजे. नाही आलं तर तुम्ही काढा, भोगी तोंडावर आहे. ही उत्तरं फळ्यावर चित्रांनी काढून ठेवा. आठवडाभर दुसरं सामान लागणार नाही, कारण प्राणी याहून वेगळं फारसं काही करत नाहीत.

मग दोन स्टीलचे पेले घ्या. दोन्हींत सारखं कोमट पाणी. एकाला लोकरीची कानटोपी घाला, दुसरा उघडा. प्रार्थना, हजेरी, दोन गाणी होऊ द्या आणि मग बोटं बुडवायला द्या. टोपीवाला कोमट असेल, उघडा गार. इथे थांबू नका, बहुतेक जण इथेच थांबतात. आता तिसरा पेला, गार पाण्याचा. त्यालाही टोपी घाला. विचारा, हा गरम होईल का? माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त हात वर यायचे. स्वेटर गरम असतो, मग पाणी गरम होणारच! दुपारी बोटं घातली की तोंडं बघण्यासारखी होतात. टोपीत ऊब नसते. आत असलेली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, इतकंच.

हे कळलं की विचारा, पालीला स्वेटर घातला तर?

हसून लोळतील. लोळू द्या. मग उत्तर काढा. पालीच्या अंगात चूलच नाही. तिच्यावर दहा स्वेटर चढवले तरी ती तिसऱ्या पेल्यासारखी गारच. तिला ऊब बाहेरून आणावी लागते, उन्हातून, तापलेल्या भिंतीतून, ट्यूबलाइटच्या पट्टीतून. बाहेरच गारठा पडला की तिचे पाय उचलत नाहीत, भूकही मंदावते. आणि दिव्याभोवतीचे किडेही कमी झालेले असतात, मग ती बाहेर येऊन करणार काय? कॅलेंडरच्या मागे, देवाच्या फोटोच्या चौकटीमागे, मीटरच्या पेटीत, दाराच्या फटीत बसून राहते. शेपटीत साठवलेल्या चरबीवर बरेच दिवस निघतात. मधे एखादी रात्र जरा उबदार गेली तर येऊनही जाते. त्या मुलाला आजचा अभ्यास द्या: वडिलांबरोबर टॉर्च घेऊन कॅलेंडरमागे बघायचं, हात लावायचा नाही, आणि उद्या सांगायचं. ज्या मुलाने तुम्हाला अडवलं त्याच्याकडेच शोध सोपवावा, असा माझा जुना शिरस्ता आहे.

कोंबडी वर्गात आणता आली तर फार बरं. नसेल तर कुणाच्या तरी अंगणात जा, सकाळी सात-साडेसातला, ऊन यायच्या आत. ती दुप्पट झालेली दिसेल. मान आत, पिसं फुललेली, एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला. जवळ बसून बघा, थोड्या वेळाने ती पाय बदलते. पायांवर पिसं नाहीत, तिथून ऊब निसटते, म्हणून एकाला आत घेते आणि दुसऱ्यावर उभी राहते. पिसं फुलवली की मधे हवा अडकते, झाली गोधडी. नंतर तारेवरचा होला दाखवा, तळ्याकाठचा बगळा दाखवा. मुलंच ओरडतील, बाई, यानेपण गोधडी घेतलीय. आणि कुत्रं तर आहेच, पहाटे बंबाच्या राखेत नाक शेपटीखाली घालून वळकटी होऊन पडलेलं. मुलांना तसंच मुटकुळं करून झोपायला सांगा, मग हातपाय पसरून झोपायला सांगा, आणि कुठे जास्त गार वाटतं ते विचारा.

तुमच्या गावात याच्याही पुढे जाता येतं, ते मला पुण्यात बसून जमलं नसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की पेपरात फोटो येतो, आणि त्याच पहाटे तुमच्या मुलांचे वडील द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत असतात, गारठ्याने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. वेलीच्या आत चूल नाही, म्हणून बापाने बाहेर पेटवली. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, धुराचा वास त्यांच्या स्वेटरला असतो. सोमवारी याच्यापासूनच सुरू केलंत तरी चालेल.

सापाचं जपून सांगा. इथे माझी स्वतःची चूक आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत मी दुसरीच्या मुलांना ठोकून सांगितलं होतं, थंडीत साप बिळात जाऊन झोपतात. पुस्तकात होतं, मी वाचलं, मी सांगितलं. जानेवारीत एक मुलगा चुलत्याबरोबर शेतात गेला. बांधावर उन्हात वेटोळं पडलेलं होतं. हा सरळ त्याच्याकडे निघाला, काठीने उचलायला. चुलत्याने दंडाला धरून मागे खेचलं तेव्हा म्हणाला, "झोपलाय तो. बाई म्हणाल्यात." घोणस होती. एवढ्यात ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारली आणि पोराला घाम फुटला. चुलता दुसऱ्या दिवशी शाळेत आला. ओरडला नाही, फक्त मला विचारलं, "बाई, तुम्ही कधी शेतात गेलाय का हिवाळ्यात?"

गेले नव्हते. बर्फाच्या देशांतले साप महिनोन् महिने जमिनीखाली पडून राहतात हे खरं. आपल्याकडे तेवढी थंडी पडतच नाही. साप रात्री दडतात आणि दिवसा ऊन खायला उघड्यावर येतात, बांधावर, दगडावर, पायवाटेवर. घोणस तर थंडीच्या महिन्यांतच जास्त दिसते, तिचा जोडीचा काळ असतो. तेव्हा मुलांना असं सांगा: साप थंडीत उन्हाला येतो, दिसला की जागीच थांबायचं, मागे सरायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. त्याच बरोबर, 'चला, कोण कुठे लपलंय शोधू' म्हणून मैदानातले दगड उलटवायला लावू नका. तो खेळ पुस्तकांत फार आवडीने दिलेला असतो. आपल्या दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं. शोधायचं ते डोळ्यांनी, हात मागे बांधून.

बेडूक आणि गोगलगाय हवं तर एका दिवसात उरका. बेडूक मातीत उतरतो तो थंडीपेक्षा कोरडेपणाला भिऊन. त्याची कातडी ओली राहिली पाहिजे, आणि पावसाळा सरला की ओल खाली खाली जाते, तोही तिच्या मागे जातो. विहिरीत, कॅनॉलकडेला पाणी असेल तर तिथले बेडूक हिवाळाभर जागेच. गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरून भिंतीला चिकटून बसते. कुंपणाच्या भिंतीवर एखादी सापडली तर दाखवा. सोलून काढू देऊ नका, एवढंच.

आता पक्षी, आणि यासाठी मात्र दोन दिवस ठेवा.

वर्कबुकात लिहिलंय, थंडीत पक्षी दक्षिणेला निघून जातात. ज्यांनी ते चित्र काढलं त्यांच्या देशातून जातात, बरोबर. पण बाई, ती दक्षिण म्हणजे कोण? तुम्ही! तुमचा तालुका! गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा तुमच्या उंबऱ्यात आहे. मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली. पाणी साठवणाऱ्यांचा तोटा, पण बदकांची चंगळ. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी रामसर यादी असते, तिच्यात गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा, २०२० च्या जानेवारीत तसं जाहीर झालं. हिमालयापलीकडची पाखरं तिथे उतरतात, आणि त्याच गावातल्या पोरांना आपण शिकवतोय की थंडीत पक्षी निघून जातात. यावर मला राग येतो, लपवत नाही.

सहल काढा. चापडगावकडे निरीक्षण मनोरे आहेत, दुर्बीण घेऊन माहिती सांगणारी गावातली मुलंही असतात. सकाळी लवकर जा आणि दहाच्या आत परत फिरा, नाहीतर मुलं पक्ष्यांपेक्षा डब्यांकडे बघतील. पक्षी एकच दाखवा. बाकी डझनभर दिसले तर दिसले, नावं सांगत बसू नका. माझी निवड चक्रवाक. मोठा, नारिंगी, जोडीने असतो, आणि दुर्बिणीशिवायही चार वर्षांच्या पोराला ओळखता येतो. जुन्या कवींनी त्या जोडीला रात्रभर विरहाने रडवलंय, तो भाग मुलांना नको. चक्रवाक लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर पिल्लं वाढवतो. तिथली तळी गोठतात. गोठलेल्या पाण्यात चोच जात नाही, चुलीला सरपण नाही. अस्वलाने आच बारीक केली, चक्रवाकाने बिऱ्हाड हलवलं.

नशिबात असेल तर पट्टकादंब दिसेल, डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेला राखी हंस. (भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, तो हमखास दिसतो. त्या बाजूच्या वाचकांनी लिहून ठेवा.) हिमालय ओलांडताना हे पक्षी ७,००० मीटरच्या वर उडाल्याचं मोजलेलं आहे. मुलांना मीटर कळत नाही, पण कळसूबाई माहीत असते. ती १,६४६ मीटर. चार कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्या तरी त्याच्या पायाला लागायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात बाकांची रांग लावा, तो हिमालय. अलीकडे खडूने निळं तळं काढा, ते नांदूर. निघण्याआधी प्रत्येकाने एक शेंगदाण्याचा लाडू खायचा, कारण पक्षीही निघण्याआधी खाऊन अंगावर चरबी चढवतात. मग पंख पसरून उडायचं. या खेळात स्वेटर काढावे लागतील इतकी ऊब येते.

सहलीला परवानगी मिळाली नाही तरी अडत नाही. शाळेच्या नळाजवळ बघा. सांडलेल्या पाण्याच्या कडेने एक सडपातळ पक्षी टुकटुक चालत असेल, शेपटी सतत वर-खाली. धोबी. धुणं आपटतो म्हणून धोबी, परीटही म्हणतात. पांढरा किंवा करडा असेल तर तो थंडीपुरता आलेला पाहुणा. पावसाळ्यात तुमच्या नळावर तो नव्हता आणि उन्हाळ्यात नसेल. रोज कोणी तरी एकाने खिडकीतून बघायचं आणि दिसला तर पाटीवर रेघ ओढायची. ज्या दिवसापासून रेघ पडणार नाही, तो निघून गेल्याचा दिवस. चार वर्षांच्या मुलांची नोंदवही याहून मोठी नसते.

पाहुणे म्हटलं की घरून एखादा आवाज येईलच, "कसले पाहुणे, भोरड्यांनी ज्वारी खाल्ली." बरोबर आहे त्याचं. भोरड्या मध्य आशियाकडून थव्यांनी येतात आणि कणसांवर पडतात. मचाणावर गोफण घेऊन बसलेल्या माणसाला त्यांचं कौतुक सांगायला जाऊ नये. टोळ आणि नाकतोडेही त्या खातात, हे मात्र सांगून बघा. मुलांना दोन्ही ऐकू द्या.

आणि तुमच्या वर्गातली ती सुरगाणा-पेठची मुलं. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख ओझरता केलात, पण या आठवड्यात तीच तुमची जाणकार मंडळी आहेत. तिकडे भात निघाला की हाताला काम नाही, म्हणून आई-बाप बागांवर येतात आणि शिमग्याला परत जातात. 'स्थलांतर' हा शब्द मोठ्या गटाला नको, जड आहे. त्यापेक्षा त्यांना विचारा, इकडे येताना तुम्ही काय काय बरोबर आणलंत? काय मागे ठेवलंत? कोंबड्या कुणाकडे ठेवल्या? रस्ता कसा ओळखला? ही पोरं एरवी मागच्या ओळीत बसतात. एकदा बोलायला लागली की तुमची वेळ संपेल. दया दाखवल्यासारखं विचारू नका, प्रवासातून आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं विचारा. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगरही मुलांनी रस्त्याने जाताना पाहिले असतील. घोडा, घोड्यावर कोकरं, कोंबड्या, हे वर्णन कुणाला तरी येतंच.

राहिला तक्ता. मुख्याध्यापिकांशी भांडू नका, कापूस लावा. फक्त तक्ता मधोमध दुमडा. डाव्या बाजूला लडाख: तिथे खरंच बर्फ आहे, आणि तोही आपलाच देश. बिळात मार्मोट काढा, खारीच्या कुळातला, गुबगुबीत, मांजराहून मोठा, कुटुंबकबिल्यासह अर्धं वर्ष झोपणारा. झोपणारा प्राणीच हवा असेल तर त्याच्याइतका पक्का झोपाळू शोधून सापडणार नाही. त्याच्या बिळाच्या तोंडाशी मुलांना 'श्वास चालू आहे' म्हणून छोटे गोल काढायला सांगा. हिमबिबट्या काढा, झाडूसारखी शेपटी मफलरसारखी नाकावर घेतलेला. उजव्या बाजूला निफाड: बागेतली शेकोटी, फुललेली कोंबडी, राखेतलं कुत्रं, बांधावर उन्हाला आलेला साप आणि त्याच्यापासून लांब उभा असलेला मुलगा. मधल्या घडीवरून चक्रवाकांची जोडी डावीकडून उजवीकडे. उजव्या बाजूला कापसाचा कण नको, तिथे राख आणि माती चिकटवा. पालक बर्फाकडे बघून 'वा' म्हणतील आणि मग उजवीकडे स्वतःची बाग ओळखतील.

पालीचं कॅलेंडर त्या तक्त्यावर पाहिजे, ते विसरू नका. खरंच जुन्या कॅलेंडरचं पान वरच्या कडेला चिकटवा, उचलता येईल असं, आणि खाली त्या मुलाकडून पाल काढून घ्या. फेब्रुवारीत रात्री उबदार झाल्या, दिव्याभोवती किडे घिरट्या घालायला लागले, की ती भिंतीवर येईल. ज्याला पहिली दिसेल त्याने दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा वाजवायची, असं आत्ताच जाहीर करून टाका. मात्र एक अट घाला: पाल कुठे होती आणि काय करत होती ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर बत्तीस जणांना एकाच रात्री पाल दिसेल.